डिस्क, डाउनलोड आणि हैदराबादचे दोन गेम

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ची व्याख्या वाचली की मराठीच्या विद्यार्थ्याला गंमत वाटते. कथा, कविता, कादंबरी त्यात आहेत हे गृहीतच आहे. पण त्याच व्याख्येत संगणक प्रणालीही आणून बसवली आहे. म्हणजे प्लेस्टेशनवर चालणाऱ्या गेमचा कोड कायद्याच्या नजरेत कवितासंग्रहाच्या शेजारी बसतो. वाङ्मय मंडळाच्या अंकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हे आहे. दुसरं उत्तर असं की मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, आणि एखादी वस्तू ‘विकली’ म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न आमच्या वर्गात रोज येतो. गेमच्या धंद्यात त्याचं उत्तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पार बदललं आहे. पुस्तकांच्या धंद्यातही ते बदलू लागलंय, फक्त तिकडे आपलं लक्ष कमी आहे.

विषय समजायला सोपा आहे. टीव्हीला जोडून खेळायचा गेम दोन तऱ्हांनी मिळतो. एक म्हणजे दुकानातून डबी आणायची, तिच्यात डिस्क असते. दुसरी म्हणजे कन्सोलवरच कंपनीचं दुकान उघडायचं, पैसे भरायचे आणि इंटरनेटवरून गेम उतरवून घ्यायचा. गेम तोच, चित्रं तीच, किंमतही बहुधा तीच. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो खरेदीनंतर. आणि त्यासाठी आपल्याच राज्यातून निघालेला एक खटला बघायला हवा.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, सर्वोच्च न्यायालय, २००४. तेव्हा हैदराबाद अविभाजित आंध्रची राजधानी होती. प्रश्न विक्रीकराचा होता. तयार सॉफ्टवेअर डिस्कवर भरून विकलं तर तो ‘माल’ धरायचा का? कंपनीचं म्हणणं होतं की यात खरी किंमत बुद्धीची आहे, डिस्कची नाही. मग मालावरचा कर कसा लावता? पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मानलं नाही. लेखकाचा विचार कागदावर छापून पुस्तक झालं की ते माल होतं, चित्रकाराची कल्पना कॅनव्हासवर उतरली की ती विकता येते, तसंच सॉफ्टवेअर डिस्कवर आलं की तोही माल, असा निकालाचा आशय आहे. वकील मंडळी हा निकाल करासाठी वाचतात. मला त्यातलं पुस्तकाचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. डिस्क ही पुस्तकासारखी वस्तू आहे असं देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि ते आंध्रच्या विक्रीकर खात्यामुळे म्हटलं.

पुस्तक विकत घेतलं की काय काय करता येतं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. रविवारी आबिड्सला जा. दुकानांची शटरं खाली असतात आणि त्यांच्यापुढच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असतात. वैद्यकीयची जाडजूड पुस्तकं, इंग्रजी रहस्यकथा, उर्दू मासिकं, मध्येच एखादं मराठी पुस्तक, त्यावर कुणाचं तरी नाव आणि ‘सप्रेम भेट’. लेखकाला किंवा प्रकाशकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही, आणि तरी तो व्यवहार चोख कायदेशीर आहे. कारण कायदा लेखकाला प्रती बाजारात आणायचा हक्क देतो, पण एकदा बाजारात आलेली प्रत पुढे कुणाच्या हाती जाते यावर त्याचा ताबा ठेवत नाही. आपली वाचनालयं याच एका वाक्यावर उभी आहेत.

गेमच्या डिस्कचंही बरंचसं असंच चाललं. (बरंचसं म्हणतो, कारण संगणक प्रणालीसाठी कायद्यातली वाक्यं वेगळी आहेत; पैसे घेऊन भाड्याने द्यायचं तर मालकाची परवानगी लागते.) मित्राने मित्राला डिस्क दिली, वापरून झाल्यावर दुकानात मोडीत काढली, दुकानदाराने ती दुसऱ्याला विकली. माझा थोरला भाऊ पीएस टू वर खेळला, तो सगळा काळ या देवाणघेवाणीचा. दुकानदार डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा, ओरखडे मोजल्यासारखं करायचा आणि मग भाव पाडायचा. भाव पाडला तरी हाती काहीतरी यायचंच. आज हिशेब असा बसतो. पीएस फाइव्हचा मोठा गेम भारतात आला तेव्हा ४,९९९ रुपयांना होता. समजा महिन्याभरात खेळून संपवला आणि ३,००० ला विकला, तर खेळ पडला १,९९९ ला. चौघा मित्रांनी एकेक गेम घेऊन आपसांत फिरवले तर आणखी स्वस्त. डाउनलोड केलेल्या गेमला ही दुसरी बाजूच नाही. ४,९९९ गेले ते गेले. तो गेम तुमच्या खात्याला बांधलेला असतो, खातं दुसऱ्याला देता येत नाही, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्हाला गेम विकलेला नाही, वापरायचा परवाना दिला आहे. बटणावर मात्र ‘खरेदी करा’ असं असतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये यासाठीच कायदा केला: परवानाच देत असाल तर ग्राहकाला तसं सांगा, नुसतं ‘खरेदी’ म्हणू नका.

माझ्या एका मामेभावाचं असं एक खातं बंद पडलं आणि त्यातले विकत घेतलेले अकरा गेम गेले. कंपनीचं नाव इथे नको. घरात त्याची चर्चा चालली होती तेव्हा आजीने विचारलं, ‘‘पैसे मोजून आणलास न रे? मग ते वापस कसं घेऊन जातेत?’’ आजी मूळची परभणीकडची, आणि लग्नानंतरची पन्नास वर्षं हैदराबादेत. तिला डाउनलोड म्हणजे काय ते कुणी समजावलं नव्हतं, पण कायद्याचा मुद्दा तिने बरोबर पकडला.

आता कुणी म्हणेल, एवढं नुकसान आहे तर लोक डाउनलोड घेतात कशाला? घेतात, कारण सोपं आहे. आणि सोपं झालं ते आपल्या डोळ्यांदेखत. २००९ साली भारतात सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड. पीएस टू च्या एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. त्या वेगाने तेवढं उतरवायचं तर गणिताने जवळजवळ ४१ तास लागतात, तेही मध्ये वीज न जाता. कोटीला जाऊन डिस्क आणणं केव्हाही परवडलं. पुढे २०१३ मध्ये व्याख्या ५१२ केबीपीएसची झाली, २०१६ मध्ये जिओ आलं, आणि २०१७ मध्ये एसीटी कंपनीने हैदराबादेत घरगुती १ जीबीपीएसची जोडणी सुरू केली. त्या वेगाने ५० जीबीचा गेम कागदावर तरी सात मिनिटांच्या आत उतरतो. सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरपर्यंत जायला पॅराडाइजच्या सिग्नललाच तेवढा वेळ जातो! २००९ ला जुना म्हणण्याइतकं माझं वय नाही, पण एका शहरात आठ वर्षांत एवढा फरक पडला की दुकानाचं महत्त्व कमी होणारच.

कंपनीला तर डाउनलोड हवंच असतं. डिस्क दाबायचा खर्च, डबी, वितरक, दुकानदाराचं कमिशन, न खपलेला माल परत घेणं, हे सगळं वाचतं. कन्सोलच्या स्वतःच्या दुकानात इतरांचा गेम विकला गेला की साधारण तीस टक्के मालकाला मिळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेकंडहँड बाजार संपतो. डिस्क चार हातांतून फिरली तर कंपनीला पैसे एकदाच मिळतात. डाउनलोड चौघांनी घेतला तर चारदा.

हे कंपन्यांनी लपवलंही नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा केली तेव्हाचे नियम आज वाचण्यासारखे आहेत. डिस्क घेतली तरी गेम खात्याला जोडला जाणार, कन्सोलने चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटवरून हजेरी लावायची, आणि गेम मित्राला द्यायचा तर एकदाच, तोही मित्र तुमच्या यादीत तीस दिवस असला तर. म्हणजे डिस्क हातात असून नसल्यासारखी. लोकांनी आरडाओरडा केला. सोनीने त्याच सुमारास काही सेकंदांचा एक व्हिडिओ काढला: प्लेस्टेशन ४ चा गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा घेतो, संपलं. जूनच्या एकोणीस तारखेला मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले. एक्सबॉक्स वन भारतात आला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, तोपर्यंत भांडण मिटलेलं होतं, म्हणून आपल्याकडे याची फार चर्चा झाली नाही.

पण मला यातली पुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. २०१३ मध्ये ज्या हक्कासाठी लोक भांडले, तो पुढे त्यांनी आपणहून सोडून दिला. पीएस फाइव्ह दोन रूपांत आला: डिस्क घालायची सोय असलेला ४९,९९० ला आणि नसलेला ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून खूप जणांना दुसरा बरा वाटला. वर केलेला हिशेब लावून बघा, चार डिस्का परत विकल्या की ते दहा हजार वसूल होतात. सोनीच्याच आकड्यांप्रमाणे पूर्ण गेमच्या विक्रीत डाउनलोडचा वाटा २०१९ च्या सुमारास निम्म्याच्या पुढे गेला, आणि आता तो तीन-चतुर्थांशाच्या आसपास आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. सोय झाली आणि लोक तिच्या मागे गेले.

आता लेखाच्या नावातले दोन गेम.

‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा पीएस टू चा गेम २००९ च्या मार्चमध्ये आला. प्रकाशक सोनी, पण बनवला हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने. प्लेस्टेशनसाठी पूर्णपणे भारतात तयार झालेला हा पहिला गेम म्हणून त्याची नोंद होते. अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने आक्षेप घेतला की देवाला बटणं दाबून नाचवणं बरं नाही. गेम मात्र आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ आला, तोही हैदराबादचाच, गेमशास्त्र या कंपनीचा. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ होते. खरं सांगायचं तर गेम म्हणून दोन्ही फार ग्रेट नाहीत. हनुमानवर समीक्षकांनी टीकाच केली. पण एखाद्या भाषेतली पहिली कादंबरी आपण ती उत्तम आहे म्हणून जपत नाही; ती पहिली आहे, तिच्यात त्या काळाची धडपड दिसते, म्हणून जपतो. विटीदांडू कन्सोलवर कसा आणायचा यावर या शहरात बसून कुणीतरी डोकं खाजवलं, ही सांस्कृतिक इतिहासातली नोंद आहे.

आणि हे गेम डिस्कच्या जगातले आहेत. पीएस टू मध्ये आजच्यासारखं कंपनीचं दुकान नव्हतंच. ज्या डिस्का छापल्या आणि विकल्या गेल्या तेवढ्याच प्रती. त्या काळी अर्ध्या घरांतल्या पीएस टू ला चिप बसवलेली असायची आणि चोरीच्या डिस्का शंभराच्या आत मिळायच्या, त्यामुळे खरी डबी विकत घेणारे मुळात कमी. पीएस टू चं उत्पादनच २०१३ च्या आरंभापर्यंत बंद झालं. तरीही, आज कुणाच्या माळ्यावर हनुमानची डिस्क आणि चालणारा पीएस टू सापडला, तर गेम सुरू होईल. कुणाची परवानगी नको, खातं नको, सर्व्हर नको. त्या कंपनीचं पुढे काय झालं यावरही ते अवलंबून नाही.

याच्या उलट ‘पी.टी.’ बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशनच्या दुकानात फुकट आलेला छोटासा भयपट-गेम. एका घरातला एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच. जगभर नावाजला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये प्रकाशकाने तो काढून टाकला आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. मग ज्यांच्या कन्सोलवर तो राहिला होता ते कन्सोलच लोक चढ्या भावाने विकू लागले. पुस्तकाची प्रत मिळेना म्हणून कपाटासकट विकत घ्यायचं, त्यातला हा प्रकार. निन्टेन्डोने आपल्या ३डीएस आणि वी यू या कन्सोलांची दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली, आणि केवळ तिथेच मिळणारे गेम त्या दिवशी बाजारातून गेले. सोनीनेही २०२१ मध्ये पीएस थ्री आणि व्हिटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर महिन्याभरात निर्णय फिरवला.

डिस्क म्हणजे अमरपट्टा, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम डिस्कवरही विकला गेला होता. तो चालायला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केला आणि कपाटातल्या डिस्का नुसत्या चकत्या झाल्या. त्यावरून युरोपात ‘गेम मारू नका’ अशी मोहीम उभी राहिली आणि तिने दहा लाखांवर सह्या गोळा केल्या. हल्ली काही डब्यांत डिस्कवर गेमचा थोडाच भाग असतो, बाकीचा उतरवावा लागतो. निन्टेन्डो स्विच २ च्या काही कार्डांवर तर गेमच नसतो, फक्त किल्ली असते. म्हणून दुकानातून घेताना डबीच्या पुढच्या-मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचत जा. इंटरनेट आवश्यक, डाउनलोड आवश्यक, अशी ओळ असली तर तुम्ही डबीचे पैसे देऊन परवानाच घेताय.

आणि डाउनलोडची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती पुण्यातली आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम केला. सर्कशीतली मुलगी राजी, तिचा भाऊ गोलू असुरांनी पळवलेला, आणि दुर्गेचं आणि विष्णूचं बळ घेऊन ती त्याला शोधत निघते. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पूर्ण झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन दुकानात आला. हा कन्सोल निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतसुद्धा नाही! पुण्यातल्या मोजक्या माणसांनी अमेरिका-युरोपातल्या दुकानांच्या फळीवर डब्या कशा पोचवल्या असत्या? हजारो डिस्का आधी छापून ठेवायला पैसा कुठून आणला असता? डाउनलोड नसतं तर राजी बहुधा आलीच नसती. शिवाय पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज घातला गेला. छापून गेलेल्या डिस्कमध्ये मागाहून भाषा घालता येत नाही.

म्हणजे हैदराबादच्या गेमला डिस्कने टिकवलं आणि पुण्याच्या गेमला डाउनलोडने जन्म दिला. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत असं माझं मत आहे. गेम लोकांपर्यंत पोचणं आणि पोचल्यावर लोकांकडे राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. डाउनलोड पहिलं काम उत्तम करतं. दुसरं करायचं त्याच्या मालकाच्या मनात नाही, एवढंच. तांत्रिक अडचण काहीच नाही. तुम्ही वाचताय तो हा अंकसुद्धा डाउनलोडच आहे की. तुम्ही तो मोबाइलमध्ये ठेवाल, बहिणीला पाठवाल, पेनड्राइव्हवर टाकाल, मंडळ उद्या बंद पडलं तरी तो उघडेल. मोठ्या गेमला कंपन्या अशी मोकळीक देत नाहीत, हा निर्णय धंद्याचा आहे.

पुस्तकांसाठी आपल्या देशाने १९५४ मध्येच कायदा केला: प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. म्हणून विस्मरणात गेलेलं मराठी पुस्तकही कुठेतरी सापडायची आशा असते. गेमला हा नियम नाही. कॉपीराइटसाठी तो साहित्य आहे, जतन करताना मात्र त्याला कुणी विचारत नाही. अफझलगंजच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीत जुनी हस्तलिखितंही जपली गेली, पण त्याच शहरात २००९ साली तयार झालेला गेम बघायचा तर आज फुटपाथ पालथा घालावा लागतो.

तेव्हा एक विनंती. कुणाच्या घरी, शेजारी, मावशीच्या माळ्यावर ‘हनुमान’ किंवा ‘देसी अड्डा’ची खरी डबी पडली असेल, तर मंडळाला कळवा. विकत मागत नाही. डबीवरचा मजकूर, आतलं पुस्तक आणि निर्मात्यांची नावं यांचे फोटो काढून ठेवायचे आहेत, आणि जमलं तर एका शनिवारी सगळ्यांनी मिळून खेळून बघायचं आहे. पीएस टू दादाचा आहे, चालू आहे. डिस्क धुळकट असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, ओरखडा त्याच रेषेत गेला की ती चालत नाही.